खोक्यावर ७५० वॉट, लेबलवर ३१२

नवीन ग्राफिक्स कार्ड घेताना मी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला होता: माझा जुना ४५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा पॉवर सप्लाय, याला पुरेल का? तो नाही म्हणाला. मलाही ते पटलं, कारण माझ्या कार्डासाठी, आरटीएक्स ३०६० टीआयसाठी, ते बनवणारी एनव्हिडिया स्वतःच ६०० वॉटचा सप्लाय सुचवते. मग त्याने ७५० वॉटचा खोका काढला, "डोळे झाकून घ्या, पुढची दोन कार्डं यावरच चालतील" म्हणाला आणि स्वतः बसवून दिला. जुना सप्लाय त्याने बदल्यात ठेवून घेतला.

चार दिवस सगळं ठीक चाललं. मग गेम रंगात आला की स्क्रीन काळी व्हायची आणि मशीन बंद पडायचं. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, दर वेळी कर्नेल-पॉवर ४१, म्हणजे मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं एवढीच नोंद. कारण त्यात नसतं. फोन केला तर विक्रेता म्हणाला ड्रायव्हर बदला. पुढच्या वेळी म्हणाला विंडोज नव्याने टाका. मग म्हणाला कार्ड तापत असेल. मी सगळं केलं, दोन शनिवार-रविवार त्यात घालवले. कार्डाचं तापमान ७० च्या वर जातच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात जळका वास आला. प्लग काढला, कॅबिनेट उघडलं. कार्डाच्या ८ पिनच्या सॉकेटला सप्लायची स्वतःची केबल नव्हतीच. दोन मोलेक्स (डिस्क, पंख्यांसाठीचे जुने ४ पिनचे कनेक्टर) जोडून केलेला ॲडॅप्टर होता, आणि ते दोन्ही मोलेक्स एकाच तारेवर ओवलेले. ८ पिनच्या केबलमध्ये १२ व्होल्टच्या तीन तारा असतात. इथे सगळा भार एका पिवळ्या तारेवर होता. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, म्हणजे २०० वॉटच्या कार्डाचे उरलेले सव्वाशे वॉट, जवळजवळ साडेदहा अँपिअर, त्या एका तारेतून जात होते. पिवळी तार शिरते तिथलं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन पिनेला चिकटलं होतं. ते मी नखाने खरवडून पाहिलं, तेव्हा हात थरथरत होता. मशीन चालू ठेवून आम्ही कितीदा बाहेर गेलो होतो, ते आठवलं.

मग सप्लाय बाहेर काढला. लेबलची बाजू मागच्या पत्र्याकडे करून बसवला होता, त्यामुळे झाकण उघडूनही ते कधी दिसलं नसतं. वर ठळक ७५०. खाली बारीक अक्षरांत तक्ता: ३.३ व्होल्टला २८ अँपिअर, ५ व्होल्टला ३०, १२ व्होल्टला २६. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही जगतात ते १२ व्होल्टवर. १२ गुणिले २६ म्हणजे ३१२ वॉट. तिन्ही रकान्यांचे वॉट काढून बेरीज केली तरी ५५५ च्या आसपासच येते; ७५० हा आकडा तक्त्यातून कुठूनच निघत नाही. माझा प्रोसेसर भरात आला की शंभर वॉटच्या पुढे जातो, कार्डाचे २०० धरा, वर पंखे, डिस्क, मदरबोर्ड. शिवाय कार्ड काही मिलिसेकंदांपुरतं आपल्या आकड्याच्या बरंच वर उसळी घेतं. मशीन नेमकं त्याच क्षणी मान टाकत होतं.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. जुन्या सप्लायचा एक फोटो माझ्याकडे होता. त्यावर १२ व्होल्टला ३६ अँपिअर, म्हणजे ४३२ वॉट. त्याने माझ्याकडून चांगला सप्लाय काढून घेऊन मला कमजोर विकला होता, आणि रोज हेच काम करणाऱ्याला तो तक्ता वाचता येत नसेल, असं मी मानणार नाही.

खोक्यावर '८५ प्लस' असा शिक्काही होता. असा दर्जाच अस्तित्वात नाही. सप्लाय वीज किती कमी वाया घालवतो त्याचं खरं प्रमाणपत्र ८० प्लस; त्यात साधा, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटेनियम असे दर्जे आहेत आणि प्रमाणित मॉडेलांची यादी कुणालाही पाहता येते. आणि तो खरा शिक्का असला तरी फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. तारा जाड आहेत की नाहीत, जादा भार आला तर सप्लाय वेळेवर बंद होतो की नाही, हे त्यावरून कळत नाही.

परत द्यायला गेलो तर "खोका उघडलाय, आता काही होणार नाही" असं उत्तर मिळालं. त्याच्या मागच्या फळीवर तसलेच आणखी पाच-सहा खोके रचलेले होते.

मी दुसरीकडून घेतला तो ६५० वॉटचाच आहे, पण १२ व्होल्टला ५४ अँपिअर, म्हणजे ६४८ वॉट, आणि कार्डासाठी ८ पिनची स्वतःची केबल. पैसे देण्याआधी लेबलचा फोटो मागवून घेतला. गेम चालू असताना मशीन तेव्हापासून एकदाही बंद पडलेलं नाही. तुमचं पडत असेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी प्लग काढा, झाकण उघडा आणि कार्डाला लावलेली केबल कुठून आली आहे ते पार सप्लायपर्यंत बोटाने चाचपत जाऊन पाहा. वाटेत मोलेक्स लागला, तर आज रात्री गेम लावू नका.