मीडियाइन्फो, शटर एन्कोडर आणि एफएफएमपेग: बरेच महिने वापरल्यानंतर

आवाज आणि ओठ जुळत नाहीत, टाइमलाइन (क्लिप क्रमाने मांडायची पट्टी) अडखळते, रेंडर (अंतिम व्हिडिओ तयार होण्याची क्रिया) अर्ध्यावर बंद पडतो. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, याच तक्रारी ऐकू येतील. त्यावर मिळणारा पहिला सल्ला म्हणजे नवा कॉम्प्युटर घ्या, नाहीतर सॉफ्टवेअर बदला. मीडियाइन्फो, शटर एन्कोडर आणि एफएफएमपेग ही तीन मोफत साधनं बरेच महिने सतत वापरल्यावर माझं मत ठाम झालंय की दोष शोधायला आधी फाइलपाशी जावं. मी एडिटिंग कशात करतो हे मुद्दाम लिहीत नाही. पुढचं जवळजवळ सगळं कुठल्याही एडिटिंग सॉफ्टवेअरला लागू पडतं.

सुरुवात मीडियाइन्फोपासून. फाइल त्यात टाकली की तिची सगळी कुंडली समोर येते: कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), बिट डेप्थ (रंगाच्या छटा किती बारकाईने साठवल्या आहेत), रंगाची माहिती, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ओळ म्हणजे फ्रेम रेट मोड, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या चित्रांची संख्या कायम आहे की बदलती. तिथे ‘व्हेरिएबल’ (बदलता) दिसलं की मी ती फाइल तशीच टाइमलाइनवर टाकत नाही. मोबाइल आणि बरेच स्क्रीन रेकॉर्डर दर सेकंदाला ठरलेल्या फ्रेम देतीलच असं नाही. उजेड कमी झाला, फोन तापला की फ्रेमचा वेग बदलतो. आवाजाचं तसं नसतं, तो ठरलेल्या गतीनेच, बहुधा सेकंदाला ४८,००० नमुने, नोंदला जातो. एडिटिंग सॉफ्टवेअरने फ्रेम समान अंतरावर आहेत असं धरलं, की चित्र आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटायला लागतात. मोबाइलवर घेतलेल्या लांब मुलाखतींत हे फार जाणवतं: पहिल्या मिनिटाला सगळं चोख, शेवटाकडे ओठ वेगळे आणि शब्द वेगळे.

इथे एक तपासणी नक्की करा. फरक वाढत जातो की सुरुवातीपासून तेवढाच राहतो? वाढत जात असेल तर फ्रेम रेटकडे बघा. सगळीकडे सारखाच असेल तर क्लिप थोडी सरकवून काम होतं. आणि त्याआधी ब्लूटूथ हेडफोन काढून वायरचा लावून बघा, कारण पुष्कळदा उशीर हेडफोनमध्येच होत असतो. वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाजही लांब शूटमध्ये किंचित सरकतो, कारण दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत एका गतीने चालत नाहीत. हा दोष व्हेरिएबल फ्रेम रेटचा नाही, त्यामुळे फाइल कितीही वेळा बदलली तरी तो जात नाही.

आता अडखळणारी टाइमलाइन. एच.२६४ (२००३) आणि एचईव्हीसी (२०१३) हे कोडेक फाइल लहान ठेवण्यासाठी बनले आहेत. त्यात पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेलं असतं, मधल्या फ्रेममध्ये आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच असतं. म्हणून प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती खूण) मागे ओढला की कॉम्प्युटरला आधीच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन पुन्हा हिशेब करत यावं लागतं. त्यात कॅमेऱ्याची १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणारी) फाइल असेल तर अनेक ग्राफिक्स कार्ड ती उलगडायला मदतच करत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठी बनवलेल्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून त्याच कॉम्प्युटरवर तेच फुटेज हलकं वाटतं.

फाइलचं अशा कोडेकमध्ये रूपांतर मी बहुतेक वेळा शटर एन्कोडरमध्ये करतो. त्याच्या पोटात एफएफएमपेगच आहे, फक्त कमांड लिहाव्या लागत नाहीत. पुष्कळ फाइल एकदम बदलायच्या असतील तर मात्र थेट एफएफएमपेगला तोड नाही. ठरावीक फ्रेम रेट सांगितला की कमी पडलेल्या ठिकाणी ते फ्रेम दुबार करतं, जास्तीची गाळतं, आणि आवाज जागेवर राहतो. २००० साली फॅब्रिस बेलार्ड यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आजही मोफत आहे, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

किंमत मोजावी लागते ती जागेची. १०८० रिझोल्यूशन, २९.९७ फ्रेम आणि प्रोरेस ४२२ धरलं तर तासाला साधारण ६६ जीबी. प्रोरेस प्रॉक्सीला त्याच हिशेबाने २० जीबी पुरतात, म्हणून लांब कामांत मी प्रॉक्सीवर, म्हणजे मूळ फाइलच्या हलक्या प्रतीवर, एडिट करतो आणि शेवटी मूळ फाइल जोडतो.

मोशन ग्राफिक्सचं (हलती अक्षरं, लोगो, आकृत्या) दुखणं वेगळं. तिथे मेमरी संपते. १०८० ची एक फ्रेम प्रत्येक चॅनेलला ३२ बिट अशा रंगात सुमारे ३३ एमबी घेते, म्हणजे ३० फ्रेमच्या एका सेकंदाला जवळपास १ जीबी. प्रीव्ह्यू काही सेकंदांनी थांबतो त्यात नवल नाही. काम चालू असताना ८ बिटमध्ये आणि अर्ध्या रिझोल्यूशनवर राहणं हाच व्यवहार्य मार्ग. अंतिम रेंडर मी पीएनजी सीक्वेन्समध्ये, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल असा, काढतो. २१७ व्या फ्रेमला बंद पडलं तर २१७ पासून पुढे सुरू करता येतं, पारदर्शकताही टिकते. लोगोभोवती काळी कड दिसली तर अल्फा (पारदर्शकतेची माहिती) स्ट्रेट, म्हणजे रंगापासून वेगळी, आहे की प्रीमल्टिप्लाइड, म्हणजे रंगात आधीच मिसळलेली, हे तपासा, बहुधा तिथेच गफलत असते.

देवनागरी अक्षरं एकेक करून आणणारं अ‍ॅनिमेशन केलं तर काही ठिकाणी जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. आधी टेक्स्ट इंजिनची (अक्षरं मांडणाऱ्या भागाची) सेटिंग बघावी. तरी जमलं नाही तर मी इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द लिहून त्याचा पाथ (रेषांचा आकार) करतो आणि एसव्हीजी चित्रफाइल म्हणून आणतो. मग मजकूर बदलता येत नाही, पण आपली अक्षरं मोडकी दिसलेली मला चालत नाहीत.

फाइल शुद्ध करूनही रेंडर त्याच जागी बंद पडत असेल तर ही तिन्ही साधनं कामाची नाहीत. तेव्हा टाइमलाइनचा अर्धा भाग रेंडर करायचा, तो पार पडला तर उरलेल्याचा अर्धा, असं करत दोषी क्लिपपर्यंत पोहोचायचं. तिथे बहुतेक वेळा बाहेरून आणलेला एखादा प्लगइन (जोडसॉफ्टवेअर) किंवा बिघडलेला फॉन्ट सापडतो. दर वेळी वेगळ्याच जागी बंद पडत असेल तर ग्राफिक्स कार्डची मदत बंद करून रेंडर करून बघा. असं केल्यावर रेंडर पूर्ण झाला, तर आधी ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने टाका.