वेज उशी : दोन स्टार, तेही अभ्र्याला

बाळ काचेच्या पेटीत आहे आणि रात्री दोनला मोबाइलवर ‘दूध पचवणारी उशी’ शोधताय? थांबा. वेज उशीत, म्हणजे एका बाजूला उंच असलेल्या उताराच्या उशीत, माझे 1190 रुपये गेले, तुमचे वाचवा.

नात 31व्या आठवड्यात झाली. वजन 1420 ग्रॅम. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण 34व्या आठवड्याशिवाय बसत नाही, म्हणून नळीने दूध. दर दोन तासांनी 18 मिली. दुधानंतर ते एवढंसं पोट टम्म दिसायचं आणि माझा जीव खालीवर. उशीच्या खोक्यावर ‘प्रीमॅच्युअर बाळांसाठी उत्तम’ असं छापलेलं. मागवली.

सिस्टरने ती दारातूनच परत दिली. ‘‘आजी, आमचा टॉवेल पुरतो.’’

टॉवेल कसा पुरतो ते मग काचेतून बघितलं. सिरिंजचा दांडा काढून नुसतं नळकांडं वर धरायचं आणि दूध आपसूक उतरू द्यायचं. ढकलायचं नाही. बाळाच्या श्वासाबरोबर दुधाची पातळी किंचित थरथरायची. सगळं उतरलं की बाळ उजव्या कुशीवर, पाठीशी टॉवेलची गुंडाळी, मूठ तोंडाजवळ. जठरातून आतड्यात जायची वाट उजव्या अंगाला, त्यामुळे दूध लवकर पुढे सरकतं. पण त्याच कुशीवर ते उलटून वरही जास्त येतं, म्हणून तासाभराने डावी कूस. कधी उपडंही घालायच्या, पण पायाला मॉनिटरची वायर असताना आणि समोर सिस्टर असतानाच. पेटीतली गादीच डोक्याकडून जराशी उचलता येते, मग उशी हवी कशाला?

पुढे वजन वाढू लागल्यावर दूध झालं की लेकीच्या छातीवर, कांगारूसारखं उभं. लेक खुर्चीत रेलून बसायची, नात बेडकासारखी चिकटलेली. त्या तासात उलटी जवळजवळ झालीच नाही. त्याला पैसे पडत नाहीत.

बरं, घरी तरी वापरू म्हटलं. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरने बजावलं: घरी मॉनिटर नाही, तेव्हा झोपवायचं उताणंच, सपाट आणि कडक गादीवर, उशी अजिबात नाही. उतारावर बाळ घसरतं, हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट दबते. जावयांनी मोबाइलवर दाखवलं, अमेरिकेत 2022 साली कायदा करून बाळांना झोपवायच्या 10 अंशांहून जास्त उताराच्या वस्तू विकायलाच बंदी घातली. आपल्याकडे मात्र माझ्यासारख्या आज्या घेताहेत.

परत करायची मुदत सात दिवस, आम्ही वॉर्डात चोवीस. अभ्रा खरंच मऊ आहे, चारदा धुतला तरी रंग गेला नाही. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून माझे पाय सुजले होते, त्यांच्याखाली उशी अगदी बरोबर बसते.