मतदार चिठ्ठीचं ॲप आणि थर्मल प्रिंटर : प्रभागात किती कामाचं?

महापालिकेची निवडणूक लागली की उमेदवारांच्या कार्यालयात ही जोडी विकायला येतेच : मतदार शोधायचं ॲप आणि 58 मिमी रुंद कागदाचा ब्लूटूथ थर्मल (शाईऐवजी उष्णतेने छापणारा) प्रिंटर. नाव टाका, बटण दाबा, मतदाराचा अनुक्रमांक आणि केंद्र छापलेली चिठ्ठी बाहेर. विक्रेत्याच्या टेबलावर सगळंच चालतं.

ॲपचा खरा माल म्हणजे डेटा, आणि फसगत तिथेच होते. विधानसभेच्या यादीतून प्रभागाची यादी तयार होताना मतदारांना नवे अनुक्रमांक पडतात. विधानसभेचा मतदारसंघ, भाग आणि जुना क्रमांक नोंदीत नुसता सोबत असतो. नागपुरात 52 ते 57 क्रमांकाचे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. ॲपमध्ये विधानसभेचाच डेटा भरलेला असेल, तर चिठ्ठीवरचा क्रमांक मतदान केंद्रावरच्या यादीशी जुळत नाही आणि रांग तिथेच अडते. म्हणून प्रभागाची अंतिम, केंद्रनिहाय यादी हातात घ्या. सुरुवातीची, मधली आणि शेवटच्या पानांवरची वीसेक नावं ॲपमध्ये काढून बघा. अनुक्रमांक, केंद्र, खोली क्रमांक, तिन्ही जुळले पाहिजेत. ही तपासणी फोन विमान मोडवर टाकून करा. नेट गेल्यावर शोध बंद पडणारं ॲप मतदानाच्या दिवशी कामाचं नाही.

शोध कसा चालतो तेही बघा. पीडीएफची चित्रं वाचून भरलेल्या डेटात काना-मात्रा गळतात. वानखेडे टाकल्यावर वानखडे, उकेसोबत ऊके, नागपूरच्या मोमिनपुऱ्यात मोहम्मदसोबत मो. आणि मोहंमद, हे एकत्र दिसायला हवेत. आडनाव आणि घर क्रमांक धरून अख्खं कुटुंब एका पडद्यावर येत असेल तर ॲप चांगलं म्हणायचं.

आता प्रिंटर. स्वस्त यंत्रात देवनागरी अक्षरं भरलेली नसतात. ॲपने मजकूर चित्र करून पाठवला तरच मराठी उमटतं, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग. कोरी चिठ्ठी आली तर रोल बहुधा उलटा बसलाय. नखाने ओरखडा काढा, काळा पडतो ती बाजू छपाईची. बहुतेक स्वस्त यंत्रं एका वेळी एकाच फोनशी बोलतात, त्यामुळे बूथच्या टेबलावर दोन कार्यकर्ते तर दोन प्रिंटर. सुटे रोल आणि पॉवर बँक सोबत हवीच, मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच चालतं.

घरोघरी वाटायला मात्र थर्मल घेऊ नका. उन्हात, गाडीच्या डिक्कीत हा कागद काळवंडतो किंवा अक्षरं उडतात. हिशेबही बसत नाही. 15 मीटरचा रोल आणि साडेसात सेंटिमीटरची चिठ्ठी धरली तर रोलमागे 200 चिठ्ठ्या. 2011 च्या जनगणनेनुसार नागपूर शहराची लोकसंख्या 24,47,494 आणि नगरसेवक 151, म्हणजे चार सदस्यांच्या प्रभागात सरासरी 65 हजारांच्या आसपास माणसं. त्यात 50 हजार मतदार धरले तर 250 रोल लागतील. तेच ए-4 पानावर दहा चिठ्ठ्या लेझरने काढल्या की 5,000 पानं, म्हणजे 500 पानांच्या दहा रिम. थर्मल प्रिंटर ठेवायचा तो चिठ्ठी हरवून आलेल्या मतदारासाठी.

विक्रेते चिठ्ठीच्या तळाशी उमेदवाराचा फोटो आणि चिन्ह छापून दाखवतात. ते आधी बंद करायला लावा. आदर्श आचारसंहितेप्रमाणे पक्षांनी वाटायची ओळखचिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर हवी, तिच्यावर चिन्ह, उमेदवाराचं किंवा पक्षाचं नाव नको. हा पर्याय बंदच होत नसेल तर ते ॲप घेऊ नका.

'आडनावावरून जात' या सोयीला वेगळे पैसे मागतात. एक छदाम देऊ नये. मेश्राम बौद्धही असतात, गोंडही. यंत्राला काय कळणार? समर्थक, विरोधक, कुंपणावरचा अशा खुणा करायची सोय उपयोगी आहे, पण त्या खुणा कोणाच्या सर्व्हरवर जातात ते लेखी घ्या. तोच विक्रेता बाजूच्या गल्लीत समोरच्या उमेदवारालाही ॲप विकत असतो.

बिल उमेदवाराच्या नावाने पक्कं घ्या, हा निवडणूक खर्च आहे. चौघांच्या पॅनेलने मिळून एकच संच घेतला तर चार हिस्सेही बिलावर दिसू द्या.