चुकीच्या नावाची फाइल: सांधा बदलावा की दुवा जोडावा?

उबुंटूवर (डेबियनवर आधारलेल्या लिनक्सवर) बॅट हे फाइल वाचून दाखवणारं पॅकेज टाकलं की प्रोग्राम बसतो तो बॅटकॅट या नावाने. फाइली शोधणाऱ्या एफडीचंही तसंच, तो एफडीफाइंड होऊन येतो. दोघांची आखूड नावं दुसऱ्या पॅकेजांनी आधीच घेतलेली होती, म्हणून डेबियनवाल्यांनी ही सोय केली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण धुळ्यात मी ज्या महाविद्यालयाची लॅब सांभाळतो, तिथे साक्री-शिरपूरकडून आलेली पोरं मूळ प्रकल्पाची माहिती वाचून 'बॅट' टाइप करतात आणि 'सर, कमांड सापडस नही' म्हणत हात वर करतात. चूक आपलीच असणार, असंच त्यांना वाटतं. मला ते बघवत नाही, म्हणून हे नाव दुरुस्त करायच्या मागे लागलो.

एलियसचा, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांडला टोपणनाव देण्याचा, विचार सोडून द्या. स्क्रिप्टमध्ये तो चालत नाही. एमव्ही कमांडने फाइलचं नाव थेट बदलणं तर मुळीच नको. पुढच्या अपडेटला पॅकेज आपली नवी फाइल जुन्याच नावाने परत ठेवतं, आणि तुम्ही बदललेल्या नावाखाली जुनी आवृत्ती तशीच पडून राहते. सुरक्षेच्या दुरुस्त्या तिला कधीच मिळत नाहीत.

खरी निवड उरते ती दोघांत: डीपीकेजी-डायव्हर्ट (डीपीकेजी म्हणजे डेबियनचा पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) आणि साधा सिम्लिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा.

डायव्हर्ट म्हणजे भुसावळला सांधा बदलण्यासारखं. नागपूरची गाडी इटारसीच्या रुळावर घातली की ती दरवेळी तिकडेच जाणार. या पॅकेजची ही फाइल यापुढे अमुक नावाने ठेवायची, अशी नोंद डीपीकेजीच्या वहीत होते आणि प्रत्येक अपडेटला ती पाळली जाते. काम नेटकं. मला ते इतकं आवडलं की लॅबच्या चोवीसही मशिनवर मी तेच केलं.

मग प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस उजाडला. मी नंदुरबारला गेलो होतो. आमच्या एका सहकाऱ्यांनी परीक्षेची स्क्रिप्ट घरच्या लॅपटॉपवर लिहिलेली, तिच्यात 'बॅटकॅट' होतं. लॅबमध्ये ते नावच उरलेलं नव्हतं. त्यांनी कोणीही करेल तेच केलं: पॅकेज काढलं, पुन्हा टाकलं. एरर नाही, तक्रार नाही, आणि फाइलही नाही. पुन्हा काढलं, पुन्हा टाकलं. पॅकेज काढलं तरी डायव्हर्टची नोंद पुसली जात नाही, हे त्यांना कसं कळावं? डीपीकेजी-डायव्हर्टला यादी मागितली असती तर दिसलं असतं, पण जे केलंय हेच माहीत नाही त्याची यादी कोण मागणार? शेवटी त्यांचा फोन आला, 'भाऊ, तुम्ही काही करून ठेवलंय का?' मुलं तासभर ताटकळली होती. बिघाडावरचा हमखास उपाय, पुन्हा इन्स्टॉल करणं, तोच इथे मुका होतो. माझं मन तिथेच फिरलं.

सिम्लिंकला हा दोष नाही. यूएसआर-लोकल-बिन या फोल्डरमध्ये 'बॅट' नावाचा दुवा ठेवला की दोन्ही नावं चालतात, आणि 'एलएस -एल' केलं तर तो कुठे जातो हे कोणालाही दिसतं. त्याचेही त्रास आहेत, ते लपवत नाही. क्रॉन म्हणजे नेमल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम. डेबियनमध्ये त्याचा ठरलेला पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, फक्त यूएसआर-बिन आणि बिन एवढाच असतो. त्यामुळे रात्रीच्या कामाला हा दुवा सापडत नाही, क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या फाइलमध्ये) पाथची ओळ लिहावी लागते. शिवाय पॅकेज काढलं तरी दुवा मागे लोंबकळत राहतो.

नोडजेएसच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) वेळी डेबियनने काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. 'नोड' हे नाव हौशी रेडिओवाल्यांच्या एका प्रोग्रामकडे होतं. 2012 मध्ये वाद त्यांच्या तांत्रिक समितीपुढे गेला, आणि पुढे नोडजेएस-लेगसी नावाच्या छोट्या पॅकेजने 'नोड' हा दुवा पुरवला. पायथन-इज-पायथन3 हे पॅकेजही असंच, एका दुव्याभोवती बांधलेलं.

आम्हीही आता तेच केलंय. एक दुवा असलेलं स्वतःचं छोटं डेब (डेबियनच्या साच्यातलं) पॅकेज, बॅटवर अवलंबून. दुवा यूएसआर-बिनमध्येच बसत असल्याने क्रॉनला सापडतो. बॅट काढलं की तोही जातो. आणि ते नाव दुसऱ्या पॅकेजचं असेल तर डीपीकेजी तिथेच अडवतं. एखाद-दोन मशिन असतील तर एवढा खटाटोप नको, हाताने केलेला दुवा पुरतो.

जुनं नाव राहणंच घातक असेल, किंवा मूळ प्रोग्रामच्या जागी स्वतःची स्क्रिप्ट बसवायची असेल, तर डायव्हर्टच घ्या, ते त्यासाठीच आहे. फक्त लॅबच्या वहीत तारखेसकट लिहून ठेवा. आणि नाव मुद्दाम बदललेलं नसून खरंच चुकलंय असं वाटलं, तर आधी पॅकेजसोबतची रीडमी-डेबियन वाचा, मग, डेबियनवर असाल तर, रिपोर्टबग या दोष कळवायच्या साधनाने कळवा.