दुकान मुलांच्या नावावर: मृत्युपत्र की बक्षीसपत्र?

वकिलाकडे गेलात की हे दोन कागद समोर येतात. मृत्युपत्र स्वस्त. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक, दोन साक्षीदार पुरतात आणि मन बदललं तर हयातीत कधीही नवं करता येतं. अडचण एवढीच की ते तुमच्या मागे उघडतं. भावंडांत वाद पेटला, तर खुलासा करायला तुम्ही नसता.

बक्षीसपत्राने गाळा आजच मुलीच्या किंवा मुलाच्या नावावर होतो. नोंदणी सक्तीची. खर्चही आहे: महाराष्ट्रात मुलांना देताना दोनशे रुपयांच्या मुद्रांकाची सवलत राहत्या घराला आणि शेतजमिनीला मिळते, दुकानाच्या गाळ्याला नाही. तिथे बाजारमूल्यावर टक्केवारीने शुल्क लागतं. आणि दिलेलं सहसा परत घेता येत नाही. म्हणून ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट दस्तातच लिहून घ्या. ती मोडली गेली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दाद मागता येते. ही एक ओळ गाळू नका, कळकळीने सांगते.

भागीदारीत धंदा असेल तर आधी करारनामा काढा. त्यात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर १९३२ च्या कायद्यानुसार भागीदाराच्या मृत्यूबरोबर फर्मच विसर्जित होते. मग मृत्युपत्रातून मुलांना हिशेबाचा वाटा मिळतो, चालता धंदा नाही.

माझं मत: गल्ला अजून तुम्हीच सांभाळत असाल, तर मृत्युपत्र करा आणि ते मुलांना वाचून दाखवा.