बॅटरीचे ४,८०० घेतले, आत बॅटरी जुनीच

लॅपटॉप दुरुस्तीला टाकणार असाल तर आधी हे वाचा, विशेषतः तो तापतोय आणि चार्जिंग टिकत नाही अशी तक्रार असेल तर.

मी कोथरूडला राहते, घरूनच प्रूफरीडिंगची कामं करते. आधी तीन-साडेतीन तास चालणारा माझा लॅपटॉप अचानक तासाभरात मान टाकायला लागला. काही उघडलेलं नसतानाही पंखा घोंघावायचा आणि कीबोर्डची डावी बाजू हात ठेववणार नाही इतकी तापायची.

बुधवार पेठेतल्या एका दुकानात दाखवला. मागचं झाकण काढल्या काढल्या तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, बॅटरी फुगलीये. अशीच वापरली तर मदरबोर्ड जाईल." बॅटरीचे ४,८०० आणि सर्व्हिसिंगचे १,२०० ठरले. न्यायला गेले तेव्हा बिल मागितलं, तर "पक्क्या बिलावर अठरा टक्के जीएसटी पडेल" असं सांगून टोलवलं. जुनी बॅटरी मागितली, तर ती म्हणे बायबॅकमध्ये गेली.

घरी आणला, तर पुन्हा तेच. फोन केला तेव्हा मदरबोर्डवर घसरले: "चिप लेव्हल काम निघेल, नऊ हजार धरून चाला."

तेवढ्यात माझा भाचा घरी आला. तो इंजिनिअरिंगला आहे. त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्राम किती काम करतोय ते दाखवणारी विंडो) उघडला, सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या रकान्यावर क्लिक केलं आणि म्हणाला, "मावशी, हे बघ." सगळ्यात वर होता विंडोजचा सर्च इंडेक्सर. शोधलेली फाइल चटकन सापडावी म्हणून तो फायलींची सूची करत असतो. हा व्हायरस नव्हे. नव्या फायली भरपूर आल्या की तो काही वेळ जोरात चालतो आणि मग शांत होतो. माझ्याकडे मात्र तो जुन्या मेलच्या एका बिघडलेल्या फाइलवर अडकून पुन्हा पुन्हा तेच काम करत होता. प्रोसेसरला उसंतच नाही, म्हणून उष्णता, म्हणून पंखा, म्हणून बॅटरीचा फडशा. 'एंड टास्क' करून उपयोग नाही, तो परत सुरू होतो. भाच्याने इंडेक्सिंग ऑप्शन्समधून ते फोल्डर वगळलं, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन रीबिल्ड दिलं आणि लॅपटॉप रात्रभर चार्जिंगला ठेवायला सांगितला. सकाळी लॅपटॉप गार होता. खर्च शून्य.

मग त्याने बॅटरी रिपोर्ट काढला, आणि खरा संताप तिथे झाला. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि तिला लागूनच बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबायचं. फाइल कुठे साठवली ते तिथेच दिसतं, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात डिझाइन कपॅसिटी, म्हणजे बॅटरीची मूळ क्षमता, ४१,००० मिलीवॉट-अवर होती आणि फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आता पूर्ण चार्ज केल्यावर मावते तेवढी, साडेतेहतीस हजारांच्या आसपास. नवी बॅटरी मूळ आकड्याच्या जवळ असायला हवी. खाली कपॅसिटीचा जुना इतिहास असतो. दुरुस्तीच्या आधीपासून हळूहळू उतरत आलेले आकडे दुरुस्तीनंतरही तसेच उतरत होते, मध्ये कुठेही उडी नाही. बॅटरी बदललीच नव्हती, आणि ती फुगलेलीही नव्हती. बॅटरी खरोखर फुगली की टचपॅड वर उचलला जातो, झाकण नीट बसत नाही. तेव्हा मात्र लॅपटॉप लगेच बंद करून ती बदलून घ्यावी.

रिपोर्टचा प्रिंट घेऊन दुकानात गेले. आधी "सॉफ्टवेअर काहीही दाखवतं", मग ड्रॉवरमधून धुळीने माखलेली एक बॅटरी काढून "ही तुमची जुनी". तिच्यावर नाव दुसऱ्याच कंपनीचं!

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे 'जीएसटी पडेल' या धाकाला बधू नका. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, यूपीआयच्या पावतीचा फोटो आणि रिपोर्ट जोडला. त्यानंतर बॅटरीचे ४,८०० परत आले. सर्व्हिसिंगचे १,२०० द्यायला ते तयार नाहीत, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करतेय.

तुमचा लॅपटॉप दुकानात देण्याआधी हा रिपोर्ट काढून मोबाइलमध्ये ठेवा आणि परत आल्यावर काउंटरवरच पुन्हा काढा. बॅटरीचा सिरीयल नंबरही बहुतेक वेळा त्यात असतो.