छप्पर उडालं: आधी पंचनामा की आधी विमा?

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरवर आदळलं, तेव्हा मृगाचा पाऊस चार दिवसांवर होता. कोकणात छप्पर उघडं ठेवून वाट बघता येत नाही, म्हणून दोन्ही वाटा माहीत हव्यात.

पंचनाम्याला काही खर्च नाही. तलाठी नि ग्रामसेवक घरी येतात. मात्र ही भरपाई नव्हे, मदत आहे. 2022 ते 2026 च्या आपत्ती निधीच्या निकषांत किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 रुपये, कच्च्याला 4,000. कौलं, रिपा, सुताराची मजुरी धरली तर यात पडवीही शाकारून होत नाही.

विम्याचा हप्ता आधी भरलेला लागतो, पण पैसे खऱ्या दुरुस्तीच्या खर्चाशी जुळतात. 1 एप्रिल 2021 पासून विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. तिच्यात वादळ आहेच, शिवाय घर पुन्हा बांधायच्या खर्चापेक्षा विमा रक्कम थोडी कमी पडली म्हणून त्या प्रमाणात दावा कापत नाहीत. जुन्या घरांना हे फार मोलाचं. कंपनीला लगेच कळवा. सर्वेक्षक येईपर्यंत ताडपत्री जरूर घाला, फक्त त्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, फुटकी कौलं फेकू नका, पावत्या जपा.

घरपट्टी अजून आजोबांच्याच नावावर असेल, तर दोन्हीकडे अडतं. ते काम या उन्हाळ्यातच करून घ्या. माझं मत विम्याकडे झुकतं. तरी पंचनामा सोडू नका, त्याची प्रत दाव्यालाही जोडता येते.